तंबोऱ्याच्या जवारीत रमलेले खाँसाहेब

विश्रामबाग : सांगली आणि मिरज या दोन शहरांमधले अंतर जेमतेम दहा किलोमीटरचे. विश्रामबाग या दोहोंच्या मध्ये. या रस्त्याच्या एका टोकाला नाट्यपंढरी आणि दुसऱ्या टोकाला तंतुवाद्यांचे माहेरघर. वाद्याची तार, घोडी आणि तिच्यातून उमटणारा नाद यांची चर्चा या परिसराला नवी नाही. किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ या परिसरात स्थिरावले आणि त्या चर्चेला एक वेगळेच परिमाण लाभले. गवई म्हणून त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. वाद्यदुरुस्तीतील त्यांचे कसब मात्र रसिकांच्या विस्मरणात गेले आहे.

११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील कैराना येथे त्यांचा जन्म झाला. घराणे गायकांचे आणि सारंगियांचे. गळ्याबरोबरच सारंगी, वीणा, सतार आणि तबला यांची तालीम त्यांना घरातच मिळाली. तरुण वयात ते बडोदे दरबारी रुजू झाले. तेथे राजघराण्याशी नाते असलेल्या सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. हा संबंध दरबाराला मानवणारा नव्हता. दोघांनी बडोदे सोडले आणि मुंबई गाठली. पुढे मिरजेत प्लेगने ग्रासले असता ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना उतार पडला, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिकेतील खरेखोटे बाजूला ठेवले, तरी मिरजेशी जडलेले नाते अखेरपर्यंत टिकले, हे खरे.

मिरजेत त्यांना जे हवे होते ते मिळाले. एकेकाळी तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात, शस्त्रांची मागणी ओसरल्यावर, सतार आणि तंबोरे घडवण्यास प्रारंभ केला होता. फरीदसाहेबांचे नाव त्यात अग्रभागी घेतले जाते. पोलादाची धार ओळखणारी बोटे आता तारेचा नाद ओळखू लागली होती. खाँसाहेब स्वतः वाद्यांची दुरुस्ती करीत आणि प्रवासातही हत्यारांची पेटी जवळ बाळगीत. मैफलीच्या गावी तंबोरा बिघडला तर कारागिराचा शोध घेत बसण्याची त्यांना गरज नसे.

जवारी म्हणजे काय, हे येथे सांगणे आवश्यक आहे. तंबोऱ्याच्या भोपळ्यावरील तबलीवर हस्तिदंत, हाड, शिंग किंवा लाकडाची रुंद घोडी असते. तिचा पृष्ठभाग वरवर सपाट दिसतो. वास्तविक त्याला अत्यंत अल्प उतार दिलेला असतो. छेडलेली तार या उतारावर पुन्हा पुन्हा निसटता स्पर्श करते आणि त्यातून मूळ स्वराबरोबर वरचे अनेक स्वर जागे होतात. तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून हा स्पर्श नेमका केला जातो. वादनाने घोडीवर तारेची खाच पडली की नाद बसका होतो. मग कानशीने घोडी पुन्हा घासावी लागते. कानस एक हात जास्त फिरली, तर सारे काम नव्याने करावे लागते. मोजपट्टी येथे उपयोगी नाही. निकाल कानच देतो.

उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो. कोणी तो छेडलेला नसतो. किराणा गायकीचा आधार हाच नाद आहे. एकेका स्वरावर विसावत, त्याच्या आजूबाजूच्या सूक्ष्म छटा न्याहाळत पुढे सरकणारी खाँसाहेबांची आलापी सदोष तंबोऱ्यावर उभीच राहू शकली नसती. लयकारीच्या चमत्कृतीत त्यांना रस कमी होता, असा आक्षेप काही जाणकार घेत. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु सुरेलपणाबाबत त्यांच्याशी बरोबरी करणारा गायक त्या काळात विरळाच होता.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनाही त्यांचा हाच गुण हवा होता. बावीस श्रुतींची स्थाने गणिताने निश्चित करण्याचा ध्यास देवलांनी घेतला होता. १९१० मध्ये त्यांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. इ. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशांचे त्यांना साह्य होते आणि श्रुती प्रत्यक्ष गाऊन दाखवण्यासाठी अब्दुल करीम खाँ यांचा गळा. यातूनच श्रुती-हार्मोनियमची कल्पना साकारली. बारा स्वरांच्या पेटीत जादा सूर बसवून तिला हिंदुस्थानी संगीताच्या लायक करावे, असा हा सुधारणेचा प्रयत्न होता. १९१६ च्या बडोदे संगीत परिषदेत ही पेटी तज्ज्ञांपुढे मांडण्यात आली. तेथे मात्र तिला मान्यता मिळाली नाही. सूर वाढवले तरी पेटीला मींड काढता येत नाही, ही अडचण कायमच राहिली.

दरम्यान, १९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले होते. सवाई गंधर्व, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, रोशनआरा बेगम अशी शिष्यपरंपरा त्यांना लाभली. संसार मात्र टिकला नाही. १९२२ मध्ये ताराबाई मुलांसह विभक्त झाल्या. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही त्यांची अपत्ये पुढे स्वतःच्या बळावर नामांकित झाली. पण त्यांनी लावलेले नाव वडिलांचे नव्हते. स्वरांच्या मिलाफासाठी आयुष्य वेचलेल्या या कलावंताच्या घरातला हा बेबनाव कधीच मिटला नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील त्यांच्या तबकड्या कर्ण्यासमोर गाऊन मुद्रित झालेल्या. त्या पद्धतीत तंबोऱ्याचा नाद जवळपास हरवतो. मायक्रोफोन आल्यावर चित्र पालटले. १९३० च्या दशकातील त्यांच्या मुद्रणांत तो बारीक, किंचित अनुनासिक, आर्त स्वर त्याच्या सर्व छटांसह टिकला. जोरकस आवाजाच्या गायकांपेक्षा या नव्या यंत्राचा लाभ त्यांना अधिक झाला, असे म्हणावयास हरकत नाही. त्यांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकूनच गदगच्या बालवयातील भीमसेन जोशी यांना गाण्याचा ध्यास लागला. कर्नाटक संगीताचाही त्यांनी अभ्यास केला होता. त्यागराजांची कृतीही त्यांनी मुद्रित केली.

ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जात असताना त्यांना छातीत कळा येऊ लागल्या. सिंगपेरुमल कोईल या लहानशा स्थानकावर ते उतरले आणि २७ ऑक्टोबर रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. पार्थिव मिरजेस आणून मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेत देशभरातील कलावंत हजेरी लावतात.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने घरोघरच्या रियाजात जागा पटकावली आहे आणि मैफलीसाठी वाद्याला पिकअप बसवून घेणारे वादकही आहेत. मात्र पिकअप तारेचा जो नाद उचलतो, तो घोडीवरूनच येतो. म्हणून मिरजेतील कारागीर आजही आधी तार सैल करून धागा काढतो, घोडी हाताळून पाहतो आणि कानस हाती घेतो.