मैत्रीचे चक्र

अमेरिकेच्या ईशान्य भागात व्हर्मांट नावाचे एक डोंगराळ राज्य आहे. तेथील वॉलिंगफर्ड या लहानशा गावी सन १८७१ च्या उन्हाळ्यात एक गृहस्थ आपल्या दोन मुलांना घेऊन आला. धंद्यात खोट आल्यामुळे त्याला संसार चालविणे अशक्य झाले होते. त्याचे वृद्ध आईबाप त्या गावी राहत असत. मुलांना त्यांच्या स्वाधीन करण्याखेरीज त्याला दुसरा मार्ग उरला नव्हता. त्या मुलांतील धाकट्याचे नाव पॉल. १९ एप्रिल १८६८ रोजी रासीन या गावी जन्मलेला पॉल त्या वेळी अवघ्या तीन वर्षांचा होता.

आजोबा काटकसरी, मितभाषी आणि सचोटीचे. आजी प्रेमळ आणि कष्टाळू. त्या घरात श्रीमंती नव्हती, पण कोणाची निंदाही होत नसे. शेजारी अडचणीत असला तर त्याच्या मदतीला धावून जावे आणि ज्याचा धर्म आपल्याहून निराळा आहे त्याच्याशीही आदराने वागावे, हे पॉलने त्या घरात पाहिले. गावातील प्रत्येक माणूस दुसऱ्याला नावाने ओळखत असे. दऱ्याडोंगरांतून हिंडणे, ओढ्यांत डुंबणे आणि खोड्या करणे यांत पॉलचे बालपण गेले.

या खोड्या पुढे त्याला भोवल्या. एका प्रकरणात त्याला विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. आजोबांनी मात्र नातवावरील विश्वास सोडला नाही. त्याला उच्च शिक्षण मिळावे ही त्यांची तळमळ होती आणि त्यासाठी त्यांनी द्रव्याची तरतूदही करून ठेवली होती. सन १८८८ मध्ये आजोबा वारले. त्यांच्या मृत्यूने पॉल गंभीर झाला. त्याने काही काळ संगमरवराच्या एका कंपनीत नोकरी केली, नंतर आयोवा विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला आणि १८९१ साली पदवी मिळविली.

पदवी हाती येताच तो वकिलीस बसला नाही. आयुष्यात स्थिर होण्यापूर्वी पाच वर्षे जग पाहावे, असा त्याने निश्चय केला. जवळ पैसा नव्हता. म्हणून मिळेल ते काम करीत तो गावोगाव फिरला. कधी वर्तमानपत्राचा बातमीदार, कधी मळ्यातील मजूर, कधी शिक्षक, कधी नट, तर कधी हॉटेलातील रात्रपाळीचा कारकून अशी नाना कामे त्याने केली. गुरे वाहून नेणाऱ्या जहाजावर हलकी कामे पत्करून तो इंग्लंडलाही जाऊन आला. या भटकंतीत त्याला नाना जातींची, नाना देशांची माणसे भेटली. माणूस कपड्यांवरून आणि धंद्यावरून ओळखता येत नाही, हे तो अनुभवाने शिकला.

सन १८९६ मध्ये ठरल्याप्रमाणे भ्रमंती संपवून पॉल हॅरिस यांनी शिकागो शहरी वकिली सुरू केली. शिकागो त्या वेळी झपाट्याने वाढत होते. रस्त्यांवर माणसांचा लोंढा वाहत असे. पण त्या लोंढ्यात कोणी कोणाची विचारपूस करीत नसे. हॅरिस यांच्या ओळखी पुष्कळ होत्या, स्नेही मात्र एकही नव्हता. कामाचे दिवस कसेतरी निघून जात. रविवारी आणि सणावारी मात्र एकटेपणा त्यांना असह्य होई. मग ते उद्यानांतून एकटेच फिरत आणि वॉलिंगफर्डच्या आठवणीने व्याकूळ होत.

१९०० सालच्या एका संध्याकाळी एका वकील मित्राने त्यांना शहराच्या कडेला असलेल्या आपल्या घरी जेवावयास बोलाविले. जेवणानंतर दोघे फिरावयास निघाले. वाटेत तो मित्र निरनिराळ्या दुकानांत डोकावे आणि दुकानदारही त्याला नावाने हाक मारून त्याची चौकशी करीत. ते दृश्य पाहून हॅरिस चकित झाले. एवढ्या मोठ्या शहरातही खेड्यातला जिव्हाळा निर्माण करता येतो तर! आपल्यासारखे एकाकी लोक या शहरात आणखी किती असतील, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. तो पिकावयास पाच वर्षे लागली.

२३ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री हॅरिस आणि त्यांचे तीन परिचित एकत्र जमले. सिल्व्हेस्टर शील हे कोळशाचे व्यापारी, गुस्ताव्हस लोअर हे खाणींचे अभियंते, तर हायरम शोरी हे कपडे शिवून विकणारे व्यापारी होते. लोअर यांच्या लहानशा कचेरीत ही बैठक भरली. प्रत्येक व्यवसायातील एकेकाने एकत्र यावे, मैत्री जोडावी आणि परस्परांना साहाय्य करावे, असे ठरले. पुढील बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरू लागल्या. या फिरत्या क्रमावरून मंडळाला रोटरी हे नाव पडले आणि चाक हे त्याचे चिन्ह झाले. कल्पना हॅरिस यांची होती. पण पहिले अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले नाही, ते शील यांना मिळाले.

मंडळ वाढू लागले. आरंभी सभासद एकमेकांच्या दुकानी माल घेत आणि त्यामुळे सर्वांचाच धंदा वाढे. याच सुमारास, सन १९०६ मध्ये, डोनाल्ड कार्टर नावाच्या वकिलांना सभासद होण्याविषयी विचारण्यात आले. जे मंडळ केवळ आपल्याच सभासदांचे हित पाहते ते फार काळ टिकणार नाही. त्याने नगरासाठीही काही केले पाहिजे, असे त्यांनी निर्भीडपणे सांगितले. हॅरिस यांना ही टीका झोंबली नाही, उलट पटली. त्यांनी कार्टर यांना सन्मानाने मंडळात घेतले आणि नगरसेवा हे मंडळाचे एक उद्दिष्ट ठरले.

पहिले मोठे काम निवडले ते अगदी साधे, पण निकडीचे होते. शिकागोच्या मध्यवर्ती भागात येणाऱ्या लोकांसाठी सार्वजनिक शौचालये नव्हती. हे काम हाती घेताच विरोध सुरू झाला. आपल्या गिऱ्हाइकांसाठी आम्ही सोय केलेलीच आहे, असे काही व्यापाऱ्यांचे म्हणणे होते. हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतर संस्थांना बरोबर घेऊन नेटाने प्रयत्न केला आणि अखेर ते काम तडीस नेले.

अशी मंडळे गावोगाव निघावीत, असे हॅरिस यांना वाटे. शिकागोच्या पुष्कळ सभासदांना ही कल्पना रुचली नाही. त्यांना आपले मंडळच पुरेसे वाटत होते. तरीही १९०८ साली दूरच्या सॅन फ्रान्सिस्को शहरी दुसरे मंडळ स्थापन झाले. सन १९१० मध्ये सोळा मंडळांचा संघ झाला आणि हॅरिस त्याचे पहिले अध्यक्ष निवडले गेले.

आता निराळाच प्रश्न उभा राहिला. सर्व मंडळांना आपले विचार कसे कळवावे? हॅरिस यांनी एक लेख लिहिला होता. तो नुसताच न धाडता त्याला मंडळांच्या बातम्यांची जोड देऊन छापावा, असे संघाचे चिटणीस चेस्ली पेरी यांनी सुचविले. अशा रीतीने जानेवारी १९११ मध्ये संघाचे नियतकालिक सुरू झाले. एका गावाने केलेले चांगले काम आता दुसऱ्या गावाला कळू लागले. त्या पहिल्या संदेशात हॅरिस यांनी स्वतःची किंवा संघाची थोरवी गायिली नाही. सहिष्णुतेचे महत्त्व सांगितले. भिन्न मतांच्या माणसांना एकत्र नांदता आले पाहिजे, हा आजोबांच्या घरातील धडा ते आता सहस्रावधी वाचकांपर्यंत पोहोचवीत होते.

सन १९१२ मध्ये कॅनडातील विनिपेग येथील मंडळ संघात आले आणि चळवळीने देशाची सीमा ओलांडली. १९२० साली कलकत्त्यास आणि १९२९ साली मुंबईस मंडळे सुरू झाली. पुढे हॅरिस आपल्या पत्नी जीन यांच्यासह देशोदेशी गेले. जेथे जात तेथे ते मैत्रीची खूण म्हणून एक झाड लावीत. असे एक झाड त्यांनी १९३२ साली जर्मनीतील बर्लिन शहरी लावले. परंतु पुढच्याच वर्षी तेथे नाझी राजवट आली आणि तिच्या दडपणाखाली १९३७ साली जर्मनीतील मंडळे बंद पडली. जपानमधील मंडळांचीही १९४० मध्ये तीच गत झाली. मग महायुद्धाचा वणवा पेटला. ज्या देशांत मैत्रीची झाडे लावली, तेच एकमेकांवर तुटून पडलेले हॅरिस यांना उतारवयात पाहावे लागले. तरीही माणसे एकमेकांना ओळखू लागली तर वैर कमी होते, ही त्यांची श्रद्धा ढळली नाही.

२७ जानेवारी १९४७ रोजी शिकागो येथे पॉल हॅरिस यांचे निधन झाले. पहिल्या दिवसापासूनचे त्यांचे सोबती सिल्व्हेस्टर शील ज्या दफनभूमीत विसावले होते, तेथेच त्यांचेही दफन झाले. आपल्या शवावर फुले वाहण्याऐवजी तो पैसा संघाच्या सेवानिधीस द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. जगभरातून देणग्यांचा ओघ लोटला. त्यातून निरनिराळ्या देशांतील अठरा विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी पाठविण्यात आले. जर्मनी आणि जपान येथील मंडळे १९४९ साली पुन्हा संघात आली. ते पाहावयास मात्र हॅरिस नव्हते.

हॅरिस यांच्या हयातीत या मंडळांत केवळ पुरुषांनाच प्रवेश होता. स्त्रियांसाठी त्यांची दारे १९८९ साली उघडली. १९६२ मध्ये कलकत्त्याचे नितीश लाहरी हे जागतिक संघाचे अध्यक्ष झाले. सन १९८५ पासून या संघाने जगातून पोलिओ नाहीसा करण्याचे व्रत घेतले. शासने, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या जोडीने त्याचे सेवक भारतातील खेड्यापाड्यांत बालकांना लस पाजण्यासाठी हिंडले. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

आपण एकटे आहो हे दुःख पुष्कळांना होते. पॉल हॅरिस यांनी त्या दुःखावर रडत न बसता दुसऱ्या एकाकी माणसांचा शोध घेतला. चार माणसांच्या त्या लहानशा बैठकीतून जे चक्र फिरू लागले, ते आजही फिरत आहे.