त्रिंबकजी डेंगळे यांचा बंदिवास

नाशिकजवळ निफाड तालुक्यांत अहिरगांव नांवाचें गांव आहे. पेशवाईच्या अखेरचे बलाढ्य कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१८ सालीं येथेंच इंग्रजांच्या हातीं सांपडले. इंग्रजी अंमलाच्या आरंभीं तुरुंग कसे होते व शिक्षा कशी होत असे, हें त्यांच्या चरित्रावरून विद्यार्थ्यांस कळून येईल.

त्रिंबकजी मूळचे संगमनेर भागांतील निमगांव जाळीचे. जासुदाच्या हलक्या नोकरीपासून चढत चढत ते दुसऱ्या बाजीरावाचे उजवे हात झाले. १८१५ च्या जुलैंत बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरास खून झाला. रेसिडेंट एल्फिन्स्टन यांनीं त्याचा ठपका त्रिंबकजींवर ठेविला व पेशव्यांस त्यांना स्वाधीन करावें लागलें. न्यायसभेपुढें खटला मात्र चालला नाहीं.

अशा राजकैद्यांस त्या काळीं किल्ला हाच तुरुंग असे. त्रिंबकजींस ठाण्याच्या किल्ल्यांत ठेविलें. देशी शिपाई फितूर होतील या भीतीनें पहारा गोऱ्यांचा बसविला. पण गोऱ्यांस मराठी कळत नव्हतें! एका अंमलदाराचा मोतद्दार घोडा फिरवितांना खिडकीखालीं गाणें म्हणे व त्यांतूनच सुटकेचा बेत कळवी, असें सांगतात. १८१६ च्या सप्टेंबरांत एका रात्रीं भिंतीस भोंक पाडून त्रिंबकजी निसटले.

पुढें दोन वर्षें ते सैन्य जमवीत फिरले. अहिरगांवीं कॅप्टन स्वान्स्टन यांनीं पकडल्यावर त्यांची रवानगी गंगाकांठच्या चुनार किल्ल्यांत झाली. ठाण्याची चूक आतां पुन्हां होणार नव्हती. पहारा गोरा व देशी असा दुहेरी, खिडक्यांस गज, चाकरांची येतां-जातां झडती. १८२४ सालीं कलकत्त्याचे बिशप हेबर यांनीं त्यांस तेथें पाहिलें. दोन प्रशस्त खोल्या, लहानसें देऊळ आणि पिंपळाच्या छायेंत त्यांनीं लाविलेली तेरड्याची बाग, एवढेंच त्यांचें राज्य उरलें होतें. १८२९ सालीं चुनार येथेंच त्यांचा अंत झाला.

त्रिंबकजी निर्दोष होते, असा आमचा दावा नाहीं. परंतु अपराध शाबीत केल्यावांचून चौदा वर्षांच्या अवधींत दोनदां भोगावयास लाविलेल्या त्या बंदिवासास न्याय म्हणतां येत नाहीं. ठाण्याच्या त्याच किल्ल्यांत आज मध्यवर्ती कारागृह आहे. तेथें शिक्षा भोगणारा कैदी न्यायालयाच्या निकालावरून जातो. हा फरक विद्यार्थ्यांनीं लहान समजूं नये.