पाणी फोडणारे लाव्हाझिए

पाणी म्हणजे एकच मूळ पदार्थ, असे पूर्वी मानत. ते खोटे ठरवले फ्रान्सच्या आंत्वान लाव्हाझिए यांनी. जन्म पॅरिसचा, १७४३ सालचा. शिकले वकिली, पण जीव रमला रसायनशास्त्रात.

१७८५ साली त्यांनी बंदुकीची लोखंडी नळी लालभडक तापवून तिच्यातून पाणी सोडले. पाण्यातला ऑक्सिजन लोखंडाने धरला अन् हायड्रोजन दुसऱ्या टोकाने बाहेर आला! तोच वायू आज अग्निबाणात इंधन म्हणून वापरतात. पत्नी मारी-ॲन टिपणे ठेवायच्या, उपकरणांची चित्रे काढायच्या.

पण लाव्हाझिए राजासाठी कर वसूल करणाऱ्या मंडळीतही होते. राज्यक्रांतीत त्या मंडळींना पकडले. ८ मे १७९४ रोजी लाव्हाझिए यांचा शिरच्छेद झाला. मारी-ॲन यांचे वडीलही त्याच दिवशी गेले. नवऱ्याचे राहिलेले लेख मात्र त्यांनी पुढे छापून काढले.