पाद्री, बेडूक आणि तीन पिल्लं

मूल हवं असलेल्या दोन स्त्रिया एकत्र राहत असतील, तर त्यांच्या वाचनात सगळ्यात आधी येतो तो ‘आययूआय’ हा शब्द. दात्याचं वीर्य नळीवाटे थेट गर्भाशयात सोडायचं, एवढीच ही कृती. तिची वाट ज्याने दाखवली तो माणूस कॅथलिक पाद्री होता, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

लाझारो स्पालान्झानीचा जन्म 1729 सालचा, उत्तर इटलीतल्या स्कांदियानो गावचा. वडील वकील. मुलानेही कायदा शिकावा म्हणून त्याला बोलोन्या विद्यापीठात धाडलं. तिथे त्याची नातलग लॉरा बास्सी भौतिकशास्त्र शिकवत होती. बाईमाणसाने प्राध्यापक होणं हीच त्या काळी नवलाची गोष्ट. तिच्या सहवासात कायद्याची पुस्तकं बाजूला पडली. पुढे त्याने पाद्रीपणाची दीक्षा घेतली. रेज्जो आणि मोदेना इथे शिकवून 1769 मध्ये तो पाव्हिया विद्यापीठात गेला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला.

उकळून बंद केलेल्या रसात जीव आपोआप उपजत नाहीत, हे त्याने पाश्चरच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी दाखवलं. पचनाचा अभ्यास करताना अन्न भरलेल्या कापडी पुरचुंड्या तो स्वतःच गिळत असे! पण आपल्याला काम आहे ते त्याच्या बेडकांशी.

बेडकाची मादी पाण्यात अंडी घालते आणि तिला घट्ट धरून बसलेला नर त्यांवर वीर्य सोडतो. हे वीर्य खरंच लागतं का? स्पालान्झानीने नरांना तलम कापडाच्या घट्ट चड्ड्या शिवून घातल्या. ही युक्ती त्याच्या आधी फ्रान्समध्ये रेओम्यूरने करून पाहिली होती, पण तिचा निकाल लावला तो याने. चड्डीवाल्या नरांच्या माद्यांची अंडी तशीच कुजून गेली. चड्डीत साठलेले थेंब अंड्यांना लावले, तर त्यांतून बेडूकपिल्लं निघाली.

मग 1780 च्या सुमारास त्याने एक कुत्री कोंडून ठेवली. ती माजावर आल्यावर शरीराच्या तापमानाइतक्या कोमट पिचकारीने तिच्या गर्भाशयात वीर्य सोडलं. 62 दिवसांनी तिला तीन पिल्लं झाली. समागमाशिवाय सस्तन प्राण्याला गर्भ राहिल्याची ही पहिली भरवशाची नोंद.

गंमत अशी की, उत्तर हातात असूनही ते त्याला दिसलं नाही. वीर्य कागदातून गाळलं की खालच्या द्रवाची ताकद जाते आणि कागदावरचा साका धुऊन वापरला तर अंडी फळतात, हे त्याने स्वतः पाहिलं होतं. तरी शुक्राणू म्हणजे वीर्यातले उपरे जीव आणि सगळा जीव आधीपासून अंड्यातच असतो, हे मत त्याने सोडलं नाही. इतका काटेकोर प्रयोग करणारा माणूस मताच्या बाबतीत एवढा हटवादी असावा, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

बर्फात ठेवलेले शुक्राणू निपचित पडतात आणि ऊब दिली की पुन्हा वळवळतात, हेही त्याने 1776 मध्येच नोंदवून ठेवलं होतं. गोठवलेल्या वीर्यापासून मानवी गर्भधारणा साधायला मात्र 1953 उजाडलं. त्या मधल्या काळाची एक काळी बाजूही आहे. 1884 मध्ये फिलाडेल्फियात एका डॉक्टराने भूल दिलेल्या विवाहितेच्या गर्भाशयात परक्याचं वीर्य सोडलं, तिला न विचारता. पुढेही कित्येक वर्षं ही सोय लग्न झालेल्या बाईलाच मिळे. एकट्या स्त्रियांना आणि लेस्बियन जोडप्यांना उघडपणे दार उघडणारी कॅलिफोर्नियातली शुक्राणू बँक सुरू झाली ती 1982 मध्ये.

या मार्गाने जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ताजे शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, गोठवून वितळवलेल्यांचं आयुष्य मात्र तासांत मोजायचं. बीजांडही बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं. म्हणून सोनोग्राफी किंवा लघवीच्या चाचणीने वेळ साधणं महत्त्वाचं. बँका दात्याच्या रक्ताची एचआयव्ही आणि काविळीसाठी तपासणी करतात. घरगुती खटपटीत हे कवच नसतं. आपल्याकडे 2021 च्या कायद्यात ‘जोडपं’ म्हणजे विवाहित जोडपंच, त्यामुळे दोन स्त्रियांना जोडपं म्हणून उपचार मिळत नाहीत. 21 ते 50 वयाची स्त्री एकटीने मात्र ते घेऊ शकते. कागदोपत्री आई तीच, दुसरीचं नाव कुठेच लागत नाही. वकिलाचा सल्ला उपचाराआधीच घ्यावा.

स्पालान्झानीचे शेवटचे दिवस सुखाचे नव्हते. तो कॉन्स्टँटिनोपलच्या प्रवासात असताना सहकाऱ्यांनी त्याच्यावर संग्रहालयातल्या वस्तू चोरल्याचा आळ घेतला. चौकशीत तो निर्दोष ठरला. वटवाघळं अंधारात डोळ्यांनी नव्हे तर कानांनी वाट काढतात, हे म्हातारपणी त्याने शोधलं, तेव्हाही लोक हसले. 1799 मध्ये मूत्राशयाच्या दुखण्याने तो गेला. ते मूत्राशय पाव्हियाच्या विद्यापीठात बरणीत जपून ठेवलेलं आहे.