पाणथळीचा राखणदार

सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईच्या खेतवाडी भागात झाला. मातापित्यांचे छत्र बालपणीच हरपल्यामुळे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. मामांना शिकारीचा नाद होता. त्यांनी भाच्यास छऱ्यांची बंदूक दिली आणि सालिम चिमण्या टिपीत हिंडू लागले.

एके दिवशी त्यांनी मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही चिमणी कोणत्या जातीची? मामांनाही ते सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील चिटणीस मिलार्ड यांनी पक्ष्याचे नाव तर सांगितलेच, शिवाय पेंढा भरलेले नाना जातींचे पक्षी दाखविले. ते पाहून मुलगा थक्क झाला. त्या दिवसापासून पक्ष्यांविषयीची जिज्ञासा त्याच्या मनात कायमची रुजली.

पुढे घरच्या व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशात गेले; परंतु त्यांचे चित्त हिशेबापेक्षा रानातच अधिक रमे. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. १९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात त्यांना नोकरी मिळाली. नंतर बर्लिनला जाऊन त्यांनी स्ट्रेसमान या थोर पक्षितज्ज्ञांपाशी अध्ययन केले. १९३० मध्ये ते परतले, तो त्यांची जागाच रद्द झालेली! तरीही ते खचले नाहीत. पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहिले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सालिम अली रोज तासन्‌तास तिचे निरीक्षण करीत. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते, मग नर ते पुरे करतो आणि दुसरे विणावयास घेतो, हे त्यांनी बारकाईने नोंदविले.

त्यानंतर हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांच्या पाहणीचे काम त्यांनी अंगावर घेतले. त्या काळी जालना व सारा मराठवाडा त्याच संस्थानात मोडत असे. प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च मिळावा, वेतन नको, एवढीच त्यांची अट होती. रानावनांतील या भटकंतीत तहमिना त्यांच्या सोबत असत. १९३९ मध्ये त्या निवर्तल्या. हे दुःख गिळून सालिम अलींनी काम चालू ठेवले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले आणि सामान्य वाचकांसही पक्षी ओळखता येऊ लागले.

राजस्थानात भरतपूर येथे केवलादेव घना नावाची विस्तीर्ण पाणथळ आहे. ती पूर्वी संस्थानिकांची शिकारीची जागा होती. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या एकाच शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर पाणथळीवर निराळेच संकट आले. जमीन लागवडीस द्यावी व पाणी शेतीकडे वळवावे, अशी भोवतालच्या शेतकऱ्यांची मागणी होती. अन्नधान्याच्या टंचाईच्या त्या दिवसांत ती गैर म्हणता येत नव्हती. परंतु ते पाणी आटले असते, तर दूरदेशींहून येणाऱ्या असंख्य पक्ष्यांचा आसरा नाहीसा झाला असता. सालिम अलींनी हा प्रश्न पंतप्रधान पंडित नेहरूंपुढे मांडला आणि पाणथळ बचावली. पुढे तेथे हजारो पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी अडकवून त्यांना सोडण्यात आले. त्यांपैकी काही कडी थेट सैबेरियात सापडली. एवढ्याशा पाखरांचा तो केवढा प्रवास! १९८५ मध्ये या उद्यानाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

सरकारने १९७६ मध्ये सालिम अलींना पद्मविभूषण किताबाने गौरविले. १९८७ मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते मुंबईस निधन पावले. आज छत्रपती संभाजीनगरातील एका तलावास त्यांचे नाव आहे. पैठणचा नाथसागरही १९८६ पासून पक्ष्यांचे अभयारण्य आहे. तेथे हिवाळाभर चक्रवाक व इतर पाहुणे पक्षी पाण्यावर विहरतात. वसंताची चाहूल लागताच त्यांचे थवे हिमालयाच्या दिशेने उडू लागतात. मार्गात ठिकठिकाणी पाणी राखलेले असेल, तरच ते पुढल्या हिवाळ्यात सुखरूप परत येतात.