रक्तातले गट उलगडणारे कार्ल लँडस्टायनर

१९०० सालच्या सुमारास एका माणसाचे रक्त दुसऱ्याला चढवणे हा जुगारच होता. कधी रोगी उठून बसे, तर कधी हुडहुडी भरून, लघवी काळी होऊन दगावे. असे का, हे डॉक्टरांना सांगता येत नसे. कोडे सोडवले ते व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी.

जन्म १८६८ चा. वडील पत्रकार, ते लवकरच वारले, आईनेच मुलाला वाढवले. १८९१ मध्ये डॉक्टर झाल्यावर दवाखाना थाटायचे सोडून हे गृहस्थ रसायनशास्त्र शिकायला निघाले, तेही शर्करांचे मोठे जाणकार एमिल फिशर यांच्याकडे. पुढे शवविच्छेदन विभागात दहा वर्षांत साडेतीन हजारांवर प्रेते तपासली. त्याच काळात त्यांनी स्वतःचे आणि सहकाऱ्यांचे रक्त घेतले, सीरम वेगळे केले आणि एकाचे सीरम दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळून पाहिले. काही जोड्यांत पेशींचे पुंजके झाले, काहींत नाही. १९०१ मध्ये त्यांनी तीन गट मांडले: ए, बी आणि सी. हा सी म्हणजे आजचा ओ. एबी पुढच्या वर्षी इतरांना सापडला.

गंमत अशी, की ज्याने जन्मात कोणाचे रक्त घेतलेले नाही त्याच्याही सीरममध्ये ही प्रतिपिंडे असतात. ए आणि बी म्हणजे पेशीवरच्या शर्करा-साखळीची वेगवेगळी टोके. तशाच शर्करा आतड्यातल्या जिवाणूंवरही असतात. त्यामुळे बाळ काही महिन्यांचे झाले, की शरीर आपल्याकडे नसलेल्या शर्करेविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागते. या टोकांचे रसायन लँडस्टायनर यांच्या पश्चात स्पष्ट झाले.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात उपासमार होती. ते हेगच्या एका छोट्या रुग्णालयात गेले, तेथून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत. नोबेल मिळाले १९३० मध्ये, शोधानंतर २९ वर्षांनी! १९४० मध्ये वीनर यांच्यासह त्यांनी आरएच घटक दाखवला. १९४३ च्या जूनमध्ये प्रयोगशाळेत काम करतानाच हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी ते गेले.

१९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना वेगळेच रक्त आढळले. त्यात ए-बी तर नाहीतच, त्यांचा पाया असलेली एच रचनाही नाही. साध्या तपासणीत हा ‘बॉम्बे’ गट ओ वाटतो. पण त्याचे सीरम ओ पेशींचेही पुंजके करते. अशा रुग्णाला ओ रक्त चढवले तर जिवावर बेतते. त्याला बॉम्बे गटाचाच दाता शोधावा लागतो.