एका हाताचे बागवान

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले तेव्हा चिटणीसबाईंनी सांगितले की, प्रत्येकीने एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे. मी जरा उशिराने गेले. तोवर जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई, रमाबाई ही सर्व नावे इतर भगिनींनी घेऊन टाकली होती. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, वाचनही बेताचेच. तेव्हा ज्या एका परदेशी गृहस्थाची हकीकत मला माहीत आहे, तीच लिहिते. त्यांचे नाव पिएर प्वाव्र. फ्रेंच भाषेत प्वाव्र म्हणजे मिरे. मिरे आडनावाची माणसे आपल्याकडेही आहेतच की!

हे नाव मला कळले ते मॉरिशस बेटावर. माझे धाकटे दीर तेथे एका कारखान्यात कामाला होते. २०१९ साली जावेचे दिवस भरत आले आणि तिच्या माहेरी करणारे कोणी नव्हते, म्हणून मला जावे लागले. जन्मात पहिल्यांदा विमानात बसले ती बाळंतपण करावयाला! बाळाचा सव्वा महिना झाल्यावर दीर म्हणाले की वहिनींनी घरातच दोन महिने काढले, आता एक दिवस तरी त्यांना बेट दाखवू या. म्हणून आम्ही पांप्लमूसच्या बागेत गेलो. पांप्लमूस म्हणजे आपले पपनस. त्या गावाचेच नाव तसे आहे.

वाटेत दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसात मध्येच काळ्या दगडांच्या उंच चिमण्या उभ्या. त्या जुन्या साखर कारखान्यांच्या. भिंती पडल्या, छपरे गेली, चिमण्या तेवढ्या राहिल्या. बागेजवळचा बो प्लाँचा कारखाना १९९९ साली बंद पडला, आता त्यात साखरेचे संग्रहालय आहे. आमचे मोटारवाले गृहस्थ मराठी वंशाचे. त्यांच्या आजोबांचे आजोबा रत्नागिरीकडून ऊसतोडीला आलेले. मराठी त्यांना फारसे बोलता येईना, पण गणपतीची आरती पाठ होती. १८३४ पासून इंग्रजांनी आपल्याकडची माणसे करारावर तेथे नेली, त्यांत कोकणातलीही पुष्कळ होती. त्यांनी एका चिमणीकडे बोट दाखवून सांगितले की आमची माणसे अशा ठिकाणी राबली. मग मला त्या पडक्या भिंती निव्वळ पडक्या म्हणून पाहवेनात.

बागेचे वर्णन करीत बसले तर पाने पुरणार नाहीत. एका तळ्यात कमळासारखी पाने आहेत, ती आपल्या पुरणपोळीच्या परातीहून कितीतरी मोठी, आणि कडा वर वळलेल्या. एक ताडासारखे झाड आहे, ते कित्येक वर्षे वाढून आयुष्यात एकदाच फुलते आणि मग मरते. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान रामगुलाम यांची समाधीही तेथेच आहे, आणि १९८८ पासून बागेला त्यांचे नाव आहे. पण माझे पाय थांबले ते जायफळाच्या झाडापाशी. बाळाच्या गुटीत मी रोज दोन वळसे जायफळ उगाळीत होते, आणि झाड मात्र त्या दिवशी प्रथमच जवळून पाहिले. तेथेच वाटाड्याने प्वाव्र साहेबांची गोष्ट काढली, आणि बोलता बोलता सहज म्हणाला की त्यांना उजवा हात नव्हता.

येथे घरची गोष्ट थोडी सांगितली पाहिजे. २०१४ साली आमच्या ह्यांचा उजवा हात कामावर यंत्रात सापडला. चार बोटे गेली, अंगठा राहिला. पुढे पैशाचे काय झाले ते येथे लिहीत नाही. पैशापेक्षा मोठी गोष्ट ही की माणूस गप्प झाला. डाव्या हाताने जेवणे अशुभ, म्हणून ते पंगतीला बसेनात. घरात सर्वांचे झाल्यावर एकटे पाठ करून जेवीत. सही जुळत नाही म्हणून बँकेतून परत आले, तेव्हापासून तेथे जाणेही सोडले. पाच वर्षे मी हे पाहत होते. म्हणून वाटाड्याचे ते एक वाक्य ऐकले आणि मी दिरांना म्हटले की ह्या माणसाचे सगळे मला विचारून द्या. पुष्कळसे तेथे ऐकले, बाकीचे मुलाने नंतर शोधून मला मराठीत समजावून दिले.

प्वाव्र यांचा जन्म फ्रान्समधल्या लिओं शहरी १७१९ साली झाला. घरचा व्यापार रेशमाचा. मुलाला मात्र पाद्री व्हावयाचे होते. पॅरिसच्या मिशनरी लोकांनी त्यांना तरुणपणीच चीनकडे पाठविले. तेथे ते भाषा शिकले, तुरुंगातही राहून आले, आणि मनात आणले नसेल ते शिकले, म्हणजे झाडेझुडपे व शेती. कोणत्या गावी लोक कसे पेरतात, काय खातात, हे ते पाहत व लिहून ठेवीत.

१७४५ साली परत येताना इंग्रजांच्या जहाजांनी त्यांचे जहाज गाठले. तोफेचा गोळा उजव्या हातावर बसला, आणि हात कापावा लागला. वय पंचवीस. पाद्र्याला पूजेला आणि आशीर्वादाला उजवा हात लागतो. म्हणजे हात गेला त्याबरोबर ठरविलेले आयुष्यही गेले. इंग्रजांनी कैद्यांना बाटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, सोडून दिले. तेथे हाताची जखम भरून येत असताना ते डाव्या हाताने लिहावयास शिकले, आणि तेथेच त्यांनी डच लोकांचा मसाल्याचा व्यापार डोळ्यांनी पाहिला.

तो व्यापार कसा होता हे भगिनींनी ऐकण्यासारखे आहे. आपण चिमूटभर लवंगपूड सहज टाकतो, परंतु त्या काळी लवंग डचांनी अंबोन बेटाच्या आसपासच ठेवली होती व जायफळ बांदा बेटांवर. इतर बेटांवरची झाडे ते शोधून शोधून तोडीत, म्हणजे भाव पडू नये. बांदा बेटे हाती यावीत म्हणून १६२१ साली तेथील बहुतेक रहिवाशांना त्यांनी ठार केले किंवा पळवून लावले. जायफळे परदेशी पाठविताना चुन्यात बुडवीत, म्हणजे कोणी पेरली तरी उगवू नयेत. तसेही जायफळाचे बी फार नाजूक. चार दिवस सुकले की गेलेच. प्वाव्र यांच्या मनात आले की ही झाडे फ्रेंचांच्या बेटांवर लावली तर डचांची मिरास संपेल.

बाटाव्हियाहून ते आपल्या पाँडिचेरीस आले, तेथून मॉरिशसला. फ्रान्सला जाताना पुन्हा इंग्रजांच्या कैदेत पडले. सुटल्यावर त्यांनी फ्रेंच कंपनीच्या लोकांना गळ घातली, आणि १७४९ साली ते कोचीनचीनच्या राजाकडे गेले. तेथून मनिलाला. पुष्कळ खटपट करून १७५३ साली त्यांनी जायफळाची मोजकी रोपे मॉरिशसला आणली. ती मेली. कंपनीच्या नोकरीतल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने ती मुद्दाम मारली असा त्यांचा आरोप होता. तो जन्मभर मिटला नाही. पुढे तिमोरकडून आणलेली जायफळे तर खरी नव्हेत, रानटी आहेत, असेच त्या शास्त्रज्ञाने ठरविले. दहा वर्षांची मेहनत अशी मातीत गेली. ते फ्रान्सला परतले आणि लिओंजवळ स्वतःची बाग करून राहिले.

१७६६ साली सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी लग्न केले. वधू फ्रांस्वाज रोबँ सतरा वर्षांची. मला हे वाचून बरे वाटले नाही, आणि ते मी लपवीत नाही. त्याच सुमारास कंपनी बुडाली व बेट राजाने ताब्यात घेतले. तेथील कारभार पाहण्यास प्वाव्र यांना नेमण्यात आले, आणि १७६७ साली ती लहान वयाची मुलगी नवऱ्याबरोबर इतक्या लांब गेली. तेथे एक तरुण इंजिनियर तिच्या प्रेमात पडला, तिने त्याला दूर ठेवले. त्यानेच पुढे त्या बेटावरची ‘पॉल आणि व्हर्जिनी’ ही कादंबरी १७८८ साली लिहिली. पांप्लमूसचे नाव फ्रान्समध्ये घरोघरी गेले ते त्या कादंबरीमुळे.

त्याच काळात झान बारे नावाची एक बाई पुरुषाचा वेष करून, एका वनस्पतिशास्त्रज्ञाची मदतनीस म्हणून, जहाजाने मॉरिशसला पोचली. वेष वाटेतच उघडा पडला होता. तो शास्त्रज्ञ प्वाव्र यांच्याकडेच राहिला. पुढे ही बाई फ्रान्सला परतली, आणि पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री ठरली. तिच्यावर पुढच्या वर्षी कोणी तरी लिहावे.

बागेची जागा मूळ ला बूर्दोने या गव्हर्नरने घेतलेली. ते १७३५ साली बेटावर आले, आणि त्यांनी घराला व जहाजांना भाजीपाला पुरविण्यासाठी तेथे मळा केला. त्या जागेचे नाव माँ प्लेझीर, म्हणजे माझा आनंद. प्वाव्र यांनी ती विकत घेऊन तेथे देशोदेशीची झाडे लावली. आज तेथे त्या नावाचे जे घर दिसते, ते पुष्कळ नंतरचे, इंग्रजांच्या वेळचे आहे.

जायफळाचा नाद सुटला नव्हता. त्यांनी पुन्हा जहाजे पाठविली. डचांची नजर पोचत नव्हती अशा बाजूच्या बेटांवर जाऊन, तेथल्या प्रमुखांशी स्नेह करून, ती १७७० च्या जूनमध्ये परतली. बरोबर जायफळाची सुमारे ४०० रोपे, लवंगेची ७०, शिवाय रुजत आलेली जायफळे हजारांनी. १७७२ साली आणखी एक खेप आली. सेशेल्स बेटांवरही त्यांच्या सांगण्यावरून मसाल्याची बाग झाली. तिची गत मात्र हसावे की रडावे अशी झाली. १७८० साली एक जहाज दिसले, इंग्रज आले असे समजून लोकांनी झाडे त्यांच्या हाती पडू नयेत म्हणून बाग पेटवून दिली, आणि जहाज निघाले फ्रेंचांचेच!

मला त्यांचे आणखी एक काम मोठे वाटते. १७६९ साली त्यांनी नियम काढला की प्रत्येक जमीनवाल्याने चौथा हिस्सा जमीन झाडांखाली ठेवली पाहिजे, विशेषतः डोंगरउतारावर. झाडे तोडली की पाऊस कमी होतो आणि माती वाहून जाते, हे त्यांना अडीचशे वर्षांपूर्वी समजले होते. गव्हर्नरशी त्यांचे सतत वाजे, आणि लोकांनी नियम कितपत पाळला असेल ते आज तेथला ऊस पाहून कळते.

आता दुसरी बाजू. बाग खणली कोणी? आफ्रिका व मादागास्करहून आणलेल्या गुलामांनी. प्वाव्र यांनी गुलामगिरीविरुद्ध लिहिले, मळेवाल्यांना माणुसकीने वागा असे सांगितले, आणि त्यांच्या स्वतःच्या पदरीही गुलाम होतेच. रोपांना पाणी घालणारे, रात्री राखण करणारे, ह्यांपैकी कोणाचा पुतळा मला बागेत दिसला नाही. प्वाव्र यांचा आहे. वाटाड्याला मी विचारले, तर तो नुसता हसला. त्याचे पूर्वजही त्यांतलेच होते असे त्याने नंतर सांगितले. पुढे लवंग झांझिबारला गेली, तेव्हा तिच्यामागे तेथेही गुलामगिरी वाढली. मॉरिशसला गुलामगिरी १८३५ साली कायद्याने संपली, आणि त्यांच्या जागी आपली माणसे गेली.

१७७२ साली प्वाव्र बेट सोडून गेले. लवंगेला एक कळी आलेली त्यांनी पाहिली नाही. सेरे नावाच्या गृहस्थांनी १७७५ पासून ती बाग जिवापाड सांभाळली. पहिल्या लवंगा १७७६ साली हाती आल्या, पहिले जायफळ १७७८ साली. प्वाव्र यांना हे लिओंला पत्राने कळले. १७८६ साली ते वारले. मागे पत्नी व तीन मुली. फ्रांस्वाजबाईंनी १७९५ साली पुन्हा लग्न केले, ते प्वाव्र यांचे चरित्र लिहिणाऱ्या स्नेह्याशीच, आणि त्या १८४१ पर्यंत जगल्या.

घरी आल्यावर मी हे सर्व ह्यांना सांगितले. एकदम नव्हे. रोज रात्री भांडी आवरताना थोडे थोडे. ते ऐकत आहेत की नाही हे कळत नसे. एके दिवशी त्यांनी विचारले की तो माणूस डाव्या हाताने लिहावयास किती दिवसांत शिकला. मला उत्तर देता आले नाही. पुढे आठवडाभराने मुलाच्या जुन्या वहीत मागच्या पानांवर मला त्यांच्या सह्या सापडल्या. ओळीने चाळीसपन्नास, पहिल्या अगदी वेड्यावाकड्या. मी वही होती तशी ठेवून दिली. बँकेत नवीन सही २०२० च्या फेब्रुवारीत दिली. पंगतीला अजून बसत नाहीत, घरात मात्र आमच्याबरोबर बसतात.

पुढल्या पावसाळ्यात दापोलीकडून जायफळाची कलमे आणली आणि गावच्या घरामागे लावली. जायफळात नर झाड वेगळे, मादी वेगळे. बी पेरले तर काय निघाले ते कळावयास सहासात वर्षे जातात, म्हणून कलमे. एक नर, तीन माद्या. दोन मेल्या. ह्यांनी डाव्या हाताने आळी केली आहेत, जराशी तिरपी. गावाहून जाऊबाईंचा निरोप येतो तेव्हा हे आधी पाऊस विचारतात आणि मग कलमे. गेल्या खेपेस नराला बारीक कळ्या दिसल्या म्हणे. मादीला अजून नाहीत.